हलेल तेच खातात

माझी धाकटी लेक सासरी गेली त्या वर्षी मी मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या दवाखान्यात नंबर लावून बसले होते. पुढच्या बाकावर आमच्याच वस्तीतल्या दोघी बहिणी बसल्या होत्या, थोरली अम्पारो आणि धाकटी चेला. अम्पारो घरी आहोलोते, म्हणजे आमच्या कालव्यातले पालीसारखे दिसणारे पाणजीव, वाढवून कालव्यात सोडायची.

“ताई, डॉक्टर आज भरती व्हायला सांगतील. नाही म्हणू नकोस.”

“घरात आहोलोतेची पिल्लं तीन आठवड्यांची आहेत. उपाशी राहिली तर एकमेकांचे पाय तोडतात.”

“इथे तुझं हृदय थकलंय आणि तुला त्यांच्या पायांचं पडलंय!”

“त्यांना कालव्यात सोडेपर्यंत माझ्या जिवावर आहेत ती. जिवंत पाणकिडे घालशील?”

“शी! मी उकडलेलं मांस टाकीन.”

“मेलेलं ती तोंडात घेत नाहीत. हलेल तेच खातात.”

“मग मी काडीने हलवीन.”

“एकशे चाळीस तोंडांपुढे?”

“हो, एकशे चाळीस.”

“दिवसातून दोनदा.”

“दोनदा. मला कधी इतकं जपलं नाहीस, ताई.”

“तुझे पाय कोणी तोडत नव्हतं.”

“चल, ऊठ आता. तुझं नाव पुकारलं.”

अम्पारो पुढच्या गुरुवारी पहाटे वारली. पिल्लांपैकी तीनच मेली, शनिवारी, चेला दफनाला गेली होती त्या दिवशी.