तीस डेसिबलची लाल पट्टी

मी, वय ४१ वर्षे, धंदा नोकरी, टीव्हीचे सेट-टॉप बॉक्स बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रॅमर, राहणार पाण्याच्या टाकीमागील चाळ, दुसरा मजला, समक्ष हजर राहून सांगते की,

वरील ठिकाणी मी, माझे पती व धाकटे दीर असे एकत्र राहतो. दीर अँटेना बसवण्याचे काम करतात. कंपनीने माझ्याविरुद्ध बॉक्सच्या प्रोग्रॅममध्ये परवानगीशिवाय बदल केल्याची तक्रार दिली आहे. ती मला वाचून दाखवली. बदल मीच केला आहे.

बॉक्समधील ट्यूनर सिग्नल किती चांगला आहे याचा आकडा देतो. तो ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅममार्फत पडद्यावर पट्टीच्या रूपाने दिसतो. जुना ट्यूनर शंभरपैकी आकडा द्यायचा. नवा डेसिबल या वेगळ्या मापात देतो. तीस डेसिबल म्हणजे उत्तम सिग्नल. आमचा बॉक्स मात्र त्याला तीस टक्के समजून लाल पट्टी दाखवत होता.

हे मला दिरांमुळे कळले. ते जेवताना म्हणाले, "वहिनी, चित्र आरशासारखं स्वच्छ, आणि पट्टी लालच. गिऱ्हाईक काही ऐकून घेत नाही." मी ऑफिसात तपासून चूक साहेबांना दाखवली. साहेब म्हणाले, "लाल पट्टी बघूनच लोक सिग्नल वाढवायला आपला बूस्टर विकत घेतात. चाललंय ते चालू दे."

त्यानंतर पंधरवड्यात दीर आमचाच बॉक्स असलेल्या एका घराच्या पत्र्यावर चढले. घरातील बाई टीव्हीसमोर उभ्या राहून फोनवर "अजून लालच आहे" असे सांगत होत्या. दीर दोनदा खाली आले. तिसऱ्यांदा चढले तेव्हा पाय घसरून पडले. कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधला नव्हता, हे कंपनीचे म्हणणे खरे आहे. तिसऱ्यांदा चढायची गरजच नव्हती, हेही खरे आहे.

दीर सध्या कुठे असतात असे विचारल्यावरून सांगते की, घरी असतात. खाटेवर असतात. याबाबत मला अधिक सांगायचे नाही.

पडल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी ऑफिसात माझ्या टेबलावरून दुरुस्ती सर्व बॉक्सवर पाठवली. आता ड्रायव्हरला आकडा कोणत्या मापात आहे हे आधी विचारले जाते, मग पट्टी रंगते. पट्टीखाली "चित्र स्वच्छ असेल तर छतावर चढू नका" अशी ओळ येते. तीही माझीच. परवानगी होती का, तर नव्हती. मागितली होती.

आज पोलीस ठाण्याच्या बाकावर साहेब मला म्हणाले, "पहिल्यासारखं करून टाक, मी तक्रार मागे घेतो. उगाच कशाला हात धुऊन मागे लागतेस?" मी म्हणाले, "साहेब, आधी घरी चला. भावजींच्या खाटेजवळ बसून त्यांना सांगा, की पट्टी बरोबर होती. मग मी विचार करते." तेवढ्यात साहेबांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले, ते परत आले नाहीत.

पट्टी मी पूर्ववत करणार नाही. नोकरी गेली तरी करणार नाही.

माझा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "सदरचा बदल माझ्याकडून नजरचुकीने झाला" असे वाक्य होते. हवालदार म्हणाले, "ताई, राहू द्या, तुमच्याच भल्यासाठी लिहिलंय." मी ते खोडायला लावून त्या जागी "जाणूनबुजून केला" असे लिहवून घेतले आहे. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. खोडलेल्या जागीही माझी सही आहे.