हार्वेस्ट आणि सुगी

चहा निवेपर्यंत परवाचं सांगतो. इकडे उत्तरेत, मुलाच्या महानगर वस्तीतल्या घरी जेवताना नात म्हणाली, "आजोबा, पता है? हार्वेस्ट म्हणजे आधी कापणी नव्हतंच. वो तो मौसम का नाम था. त्या दिवसांतल्या कामालाच मग ते नाव पडलं."

"आमची सुगी तशीच गं," मी म्हणालो. "दिवसांनाही सुगी, कापणी-मळणीलाही सुगी. खळ्यावरच जेवायचो सगळे."

"अच्छा? तो इस बार चलते हैं ना!"

इतकी वर्षं मीच तिला चल म्हणत होतो. मुलगा मान खाली घालून भात कालवत राहिला. शेत आम्ही उन्हाळ्यातच विकलं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मलाही धीर झाला नाही. तिने तिथेच फोनवर माझी नि तिची गावची तिकिटं काढली.