सही न केलेला कागद

मेहकरच्या बसस्थानकावर पुष्पाबाई जानेफळच्या गाडीची वाट पाहत होत्या. शेजारी दोघी जणी पेढ्यांचा पुडा उघडून बसल्या होत्या.

"घे वं जनका! तुह्याच दाव्याचा निकाल, अन् तूच खाऊन नाही राह्यली?"

"खातो ना. आधी रडू दे थोडकसं."

"आता काऊन रडतं?"

"जजसाहेब म्हणे, तुमच्या मालकाची काहीच चूक नव्हती, ट्रकच चुकीच्या बाजूनं आला. दोन वर्षं लोक म्हणत होते, पिऊन गाडी चालवे. त्या माणसानं कधी चहा नाही पेला, बाई!"

"अन् ट्रकमालकाचा माणूस कागद घेऊन आला होता, तो?"

"तो तं तेराव्यालेच आला. सही करा म्हणे, मिटवून टाकू. म्या म्हटलं, वाचून दाखवा. तं तो अडखळे. म्या काही सही केली नाही."

"वकील तवाच केला?"

"दुसऱ्याच दिवशी. अर्पिताताई म्हणे, बरं झालं लवकर आल्या, दावा सहा महिन्यांच्या आत टाका लागते. साक्षीदारही तिनंच शोधले."

"मंग खा आता, नाहीतं मीच संपवतो!"

दोघी खदखदून हसल्या. जानेफळची गाडी लागली. त्या उठल्या, तशी पुष्पाबाईंनी जनकाबाईंचा हात धरला.

"बाई, माह्या पोराले ट्रॅक्टरनं उडवलं, चार महिने झाले. मालकाचा माणूस उद्या सही घ्याले येऊन राह्यला. त्या वकीलताई कुठं बसतात?"

जनकाबाईंनी पिशवी खांद्यावर टाकली.

"गाडी जाऊ द्या, माय. दुसरी येईन. चला, मी नेतो तुमाले."