मानाबे सेन्सेईंच्या हातचं पाणी

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या बोन्साय उत्पादक संघाचे प्रमुख माननीय कामेईसान. व्यासपीठावर विराजमान झालेले पालिकेचे आणि शेतकी संस्थेचे सन्माननीय पाहुणे. ज्यांना सारं किनाशी गाव गुरू मानतं आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती मानाबे सेन्सेई. त्यांची कन्या नात्सुए. आणि हातातली कामं तशीच टाकून, नखांतली माती खरवडून, कोट चढवून आलेल्या माझ्या गाववाल्यांनो, आयादा घराण्याची सून कियोमी आपल्या सर्वांना नम्रपणे वंदन करते.

खरं तर हे भाषण प्रथेप्रमाणे संघाच्या उपाध्यक्षांनी करायचं. त्यांनी ते लिहूनही आणलं होतं, आणि सुंदर लिहिलं होतं, असं ऐकते. पण सेन्सेईंनी हुकूम सोडला, "कियोमी बोलेल." आता सेन्सेईंचा हुकूम मोडायची या गावात कुणाची छाती आहे? माझी तरी नाही. तेव्हा माझा हा घोगरा आवाज थोडा वेळ सहन करावा.

निमंत्रणपत्रिका आपण वाचलीच असेल. "वयोमानामुळे मानाबे सेन्सेई कामातून निवृत्त होत आहेत." वयोमान! किती सोयीचा शब्द आहे बघा. सेन्सेईंनी ऐंशी केव्हाच ओलांडली, हे खरं. पण गेल्या वसंतात कुंड्या बदलण्याच्या दिवसांत ते तासन् तास उकिडवे बसत होते, आणि आपल्यातले पन्नाशीचे जवान गुडघे धरून कण्हत होते. सेन्सेई गुडघ्यांमुळे थांबत नाहीत. डोळ्यांमुळेही नाही. झाडाला पाणी घातलं की नाही, हे त्यांच्या लक्षात राहत नाही, म्हणून ते थांबताहेत.

बोलले मी. कामेईसान, खोकू नका. ज्यांची परवानगी घ्यायला हवी होती त्यांची मी घेतली आहे.

माझ्या उजव्या हाताला टेबलावर जो पाच सुयांचा, सुईसारखी पानं पाच-पाचच्या झुबक्यांनी येणारा पाइन ठेवलाय, त्याच्याकडे आपण सगळे मघापासून बघतोय आणि बघत नाही असं दाखवतोय. सेन्सेईंच्या आजोबांनी तो डोंगरातून आणलेल्या बियांपासून वाढवला. तीन पिढ्यांचं झाड. त्याची डावी बाजू पिवळी पडली आहे, हे इथल्या शेवटच्या रांगेतूनसुद्धा दिसतं. आमच्या समितीत ठरत होतं की निरोपाच्या कार्यक्रमाला एखादं ठणठणीत झाड मांडावं, सभेची शोभा राहील. हे सेन्सेईंच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "निरोप माझा आहे ना? मग तो येणार. आजारी पडला म्हणून घरच्या माणसाला पाहुण्यांपासून लपवता का तुम्ही?" समितीनं तोच मांडला.

मी या गावात लग्न होऊन आले, तेव्हा मला झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. सासऱ्यांनी मला सेन्सेईंकडे शिकायला पाठवलं. मला वाटलं, आता कात्री मिळेल, तार मिळेल, फांद्या वळवायला शिकेन. मिळाली झारी. आपल्याकडे म्हणतातच, पाणी घालायला शिकायचं तर तीन वर्षं हवीत. मी मनात म्हटलं, पाण्यात काय शिकायचंय? नळ उघडला की येतं.

एकदा विचारलं, "सेन्सेई, ही कुंडी कोरडी दिसतेय. घालू का?"

"मला काय विचारतेस? झाडाला विचार."

"झाड बोलत नाही."

"तुझा नवरा तरी कुठे बोलतो? त्याला भूक लागली की कळतं ना तुला?"

माझे यजमान त्या खांबाजवळ बसलेत. अजूनही बोलत नाहीत. पण तेव्हा सेन्सेईंनी माझं बोट धरलं आणि सरळ कुंडीतल्या मातीत खुपसलं. म्हणाले, "वरची माती खोटं बोलते. आत बघ." आत गारेगार ओल होती. त्या दिवशी मी पाणी घातलं असतं तर ते झाड कदाचित तगलं असतं. रोज तसंच करत राहिले असते तर मेलं असतं. पाइन तहानेनं मरण्याआधी बरेच दिवस तक्रार करतो. बुडून मरतो तेव्हा वरून हिरवा दिसत राहतो, आणि पिवळा दिसू लागतो तोवर खाली उशीर झालेला असतो.

पाहुण्यांसाठी थोडं सांगते, बाकीच्यांनी जांभई दिली तरी चालेल. आमचं वर्ष कुंडीभोवती फिरतं. वसंतात झाड कुंडीतून काढायचं, बांबूच्या काडीनं मुळं विंचरायची, जून झालेली कापायची. उन्हाळ्यात खालच्या जमिनीच्या झळा लागू नयेत म्हणून फळ्यांवर चढवायचं, आणि सकाळ-संध्याकाळ जवळ राहायचं. बोन्सायवाल्याच्या बायकोला माहेरी जायला उन्हाळा नसतो. शरदात जुन्या सुया एकेक करून काढायच्या, तार चढवायची. हिवाळ्यात कोरड्या वाऱ्यापासून वळचणीला ठेवायचं, आणि झोपलंय म्हणून विसरायचं नाही. कामं ऋतूप्रमाणे बदलतात. पाणी मात्र बारा महिने, आणि रोज नव्यानं ठरवायचं. आमच्या या भागात पाऊस हात आखडून पडतो. एका वर्षी तळी आटली, नळाला तासभर पाणी यायचं, तेव्हा सेन्सेईंनी घरच्यांच्या आंघोळीनंतर टबात उरलेलं पाणी गार करून झाडांना पुरवलं होतं. त्यांच्या दिवंगत पत्नी आम्हाला सांगायच्या, "आमच्या घरात माणसं लवकर आंघोळ उरकतात. बाहेर मंडळी ताटकळलीत ना!" त्या वर्षी गावात बाकी सगळ्यांची झाडं गेली. सेन्सेईंचं एकही गेलं नाही.

अशा माणसाच्या हातून हे व्हावं, याचा मला राग येतो. कुणावर येतो ते कळत नाही, म्हणून जास्तच येतो.

गेल्या पावसाळ्यात सेन्सेई एका हातात छत्री आणि एका हातात झारी घेऊन, भर पावसात, या पाइनला पाणी घालत होते. किती जणांनी पाहिलं? हात वर करू नका, मोजायला माझ्या हातांची बोटं पुरायची नाहीत. रस्त्यावरूनच दिसायचं ते. आणि आपण काय केलं? आपण कुंपणापाशी थांबलो, वाकून नमस्कार केला, आणि घरी जाऊन विचार करत बसलो की सेन्सेई करताहेत म्हणजे यात काहीतरी खोल असणार! एका गृहस्थांनी तर सिद्धांत मांडला की पावसाचं पाणी वरच्यावर वाहून जातं, झारीचं थेट मुळाला पोचतं. त्यांनी स्वतःच्या दोन पाइनना भर पावसात झारीनं पाणी घातलं. दोन्ही गेले. ते गृहस्थ आज अध्यक्षस्थानी आहेत.

हसा, हसा. कामेईसान स्वतः हसताहेत, फार मोठ्या मनाचे आहेत ते. पण हसून झाल्यावर एक विचार करा. दुसऱ्या एखाद्या गावात म्हातारा माणूस पावसात झाडाला पाणी घालताना दिसला असता तर लोकांनी त्याला हाताला धरून घरात नेलं असतं, डॉक्टरला दाखवलं असतं. आपल्या गावात त्याची नक्कल झाली. इतका आदर आपण त्यांना दिला, की ते एकटे पडले.

शरदात सुया काढायला मी त्यांच्याकडे गेले. नात्सुए शहरातल्या पोस्टातून रजा घेऊन आली होती. सुयांना नुसता हात लावला तर त्या हातातच आल्या. झाड कुंडीतून काढलं. मुळं काळी पडली होती, आणि वास... आपल्याला तो वास ठाऊक आहे. सेन्सेई कडाडले, "कोणत्या गाढवानं बुडवलं याला?"

मी मूग गिळून उभी राहिले. नात्सुए मात्र बोलली. खाली बसली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, तुम्हीच."

सेन्सेई आपल्या तळहाताकडे बघत राहिले. मग आम्ही सडलेली मुळं कापली, ऋतू नसताना जाड वाळूत झाड बसवलं. काम संपत आलं तेव्हा त्यांनी कापलेल्या मुळांच्या ढिगाकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं, "कुणी केलं गं हे?"

त्यानंतर नात्सुए शहरातून रोज ये-जा करू लागली. सकाळी ती स्वतः पाणी घालायची आणि मग घरामागचा मुख्य नळ बंद करायची. सेन्सेई उठायचे, झारी घ्यायचे, आणि रिकामी झारी प्रत्येक झाडावर धरत सगळ्या फळ्यांमधून फिरायचे. त्या फेऱ्या ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. मला म्हणाली, "काकू, पाणी नाही हे त्यांना कळत नाही, की कळतं आणि ते मला कळू देत नाहीत?"

एक दिवस त्यांनीच विचारलं, "नात्सुए, नळ तू बंद केलास ना?"

"नाही हो बाबा. पालिकेचं काम चाललंय, म्हणून पाणी नाही."

पालिकेच्या पाहुण्यांनी माफ करावं, हिवाळाभर आम्ही बरंच तुमच्या नावावर खपवलंय. सेन्सेई म्हणाले, "बंदच ठेव. आत्ता मला आठवतंय, तोवर सांगून ठेवतो. मी उघड म्हटलं तरी उघडू नकोस. मी ओरडलो तरी उघडू नकोस."

मंडळी, त्यांना कळत होतं. हे ऐकलं त्या दिवशी मी घरी येऊन रडले, ते इथे सांगायला मला लाज वाटत नाही.

उद्या ते नात्सुएच्या शहरातल्या घरी राहायला जातील. तिच्या गच्चीत तिनं एकही कुंडी ठेवलेली नाही. आपल्या समितीनं निरोपाची भेट म्हणून तांब्याची नवी झारी द्यायचं ठरवलं होतं! मी आरडाओरडा केला, म्हणून आता उबदार दुलई दिली जाणार आहे. काय भेट आहे ते आधीच फोडलं, पण झारीपेक्षा ते बरं. त्यांची बाकीची झाडं आपण वाटून घेतली आहेत. हा पाइन ते माझ्याकडे सोपवताहेत. ते सांगायला गेल्या आठवड्यात ते माझ्या ओट्यावर आले होते.

म्हणाले, "सभेत खरं बोल. गोड बोललीस तर मी उठून जाईन. आणि मी तुझ्या दारात झारी घेऊन आलो तर काय करशील?"

"चहा देईन, सेन्सेई."

"चहाबिहा नको. हात धर."

"तुमचा हात मी कशी धरणार?"

"का? मला मान द्यायचाय म्हणून झाड मारणार आहात का सगळे मिळून?"

मी हो म्हटलं. ओट्यावर बसून हो म्हणायला काय जातं? पण खरं सांगते, मला भीती वाटते. ज्या हातानं मला शिकवलं तो हात अडवायचा, म्हणजे यापुढे तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं असं त्यांना सांगायचं. ते मला सांगायचं नाहीये. मला अजून त्यांनाच विचारायचंय. आणि झाडाकडे तर वेळ नाही. वसंतात कोंब हलले तर ते वाचलं. तोवर उरलेल्या चार मुळांना श्वास घेऊ द्यायचा, एवढंच आपल्या हातात आहे. आज सकाळी नात्सुएनं त्याला जेवढं हवं तेवढं पाणी दिलंय. इथल्या हीटरनं वरची माती सुकलेली दिसतेय, पण आत पुरेशी ओल आहे. आता याला एक घोटसुद्धा जास्त...

सेन्सेई? काही हवंय का? बसा ना, माझं होतच आलंय.

नात्सुए, तू बस. तू हिवाळाभर केलंस, आज तू नको.

पाहुणे, त्यांनी उचलला तो तुमचा पाण्याचा पेला होता, हो, दिसलं मला. असू द्या. कामेईसान, मान खाली घालून काय बघताय? पहिल्या रांगेतली मंडळी, तुम्ही नमस्काराला वाकू नका आता, कृपा करा. सेन्सेई, थांबा. त्याला पाणी नकोय. मी बोट घालून बघितलंय, सेन्सेई, आत ओल आहे. सेन्सेई, ऐकताय ना?

अध्यक्ष महाराज, मला बोलायची संधी दिलीत, पाहुणे थंडीत एवढ्या लांब आलात, गाववाल्यांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलंत, मी सर्वांची ऋणी आहे. भाषण अर्धवट राहतंय, काही अधिक-उणं तोंडून गेलं असेल, ते पदरात घ्या. आणि आता तुम्हा सगळ्यांसमोर जे करायला जातेय, त्याचीही माफी आधीच मागून ठेवते.

हा माइक धरा कुणीतरी. सेन्सेई, मी आले. तो हात द्या इकडे.