कडी लावलेला डबा

बाळाच्या लशीसाठी नंबर लावून वर्षाली पिंपरीतल्या दवाखान्यात बसली होती. शेजारच्या बाकावर रंगराव आणि कुसुमताई ओळख पटवण्यासाठी रक्ताचा नमुना देऊन टेकले होते. विमानातल्या स्फोटात त्यांचा मुलगा धनेश गेला होता. त्यांच्यासमोर तपासावरच्या बाई फोटो धरून उभ्या होत्या.

“काका, हा डबा ओळखता का?”

“माझ्या हातचं नाव हाय त्याच्यावर. चाकणला, कंपनीच्या टूलरूममधी कोरलं.”

“नक्की ना?”

“ह्यांचंच अक्षर, बाई. तीस वर्षं वाकडंच पडतंय.”

“तू गप ए, कुसुम.”

“ताई, डब्यात काय राहिलं होतं का हो? सहा दशम्या दिल्या होत्या मी.”

“नाही काकू. रिकामा होता.”

“सांडल्या असतील मग.”

“सांडायला डबा उघडलाच नव्हता. चेपलाय, पण कडी लावलेली होती.”

“कडी लावली होती?”

“हो.”

“ऐकलं का? खाल्ल्या त्यानं. अन् कडी बी लावली! घरी कधी लावली न्हाई. रोज बोलायची मी त्याला.”

“व्हय. रोज.”

“लशीवाल्या ताई, तुमचा नंबर आला,” नर्सनं वर्षालीला हाक दिली.

“पुढच्यांना घ्या आधी,” वर्षाली म्हणाली.

“डबा कधी देणार, ताई?”

“खटला संपेपर्यंत आमच्याकडेच राहील, काकू. पुरावा आहे तो.”

“राहू द्या. पण तपासाला तुमी उघडला असंल ना?”

“उघडावा लागला.”

“मग तेवढी कडी परत लावून ठेवा. त्यानं लावली होती.”