अंगठ्यानं शोधलेलं घर

या, पुढं सरका मंडळी! खांबाला टेकलेले ते गृहस्थ — अहो, खांब देवळाचा आहे, तुम्ही सोडलात तरी पडणार नाही. या पुढं. नाना, पेटीचा सूर धरा. धरलात? आता सोडू नका. आजचं आख्यान एका जागी बसणारं नाही, पळतं आख्यान आहे! मागं राहिलात तर मी थांबणार नाही!

प्रश्न साधा आहे. माणसाला जे हवं असतं ते तो शोधतो — की जे सारखं सारखं समोर येतं, तेच त्याला हवंसं वाटायला लागतं?

गप्प? सगळे गप्प! परवा मंडईत मेथी आणायला गेलात आणि फ्लॉवर घेऊन आलात. का? तर तो दारातच रचून ठेवला होता! घरी काय ऐकून घेतलंत ते मी विचारत नाही.

जिथे थांबे दृष्टी । तिथे धावे मन ।
मागे वणवण । जन्मभरी ॥

हे कुणा संताचं नाही हो, माझंच आहे. म्हणून माना बेतानं डोलवा!

तर मंडळी, ऐका. गाव नाशिक. गंगेपासून हाकेच्या अंतरावर एक गल्ली. नाशिककर गोदेला गंगाच म्हणतो, उगाच चुका काढू नका. गल्लीच्या मध्यावर देऊळ, आणि देवळाच्या अलीकडच्या घरात भाड्यानं राहणाऱ्या शकुंतलाबाई गायधनी आणि त्यांची लेक तन्वी.

शकुंतलाबाई म्हणजे गोदाई महिला भजनी मंडळाचा ठेका! गुडघे पार गेलेले. पण टाळ हातात आला की बाई गुडघे विसरायच्या — आणि गुडघेही बाईंना विसरायचे! रोज दुपारी भिंतीला हात लावत लावत देवळात जायच्या, भजन करून तशाच परत. तेवढं चालणं उरलं होतं. त्याच्या पलीकडं जायचं तर रिक्षा, आणि रिक्षात चढवायला दोन माणसं.

आणि घरमालकानं निरोप धाडला, "मुलाचं लग्न ठरलंय. अक्षय्य तृतीयेला जागा मोकळी करून द्या."

शकुंतलाबाई लेकीला म्हणाल्या, "तन्वी, घर तुझ्या मनासारखं घे. माझं मागणं एकच. देवळापर्यंत माझं मला जाता आलं पाहिजे. कुणाचा हात न धरता."

"एवढंच ना आई? बघ, चुटकीसरशी शोधते!"

आणि तन्वीनं काढला फोन.

आता पूर्वी जागा कशी मिळायची? वाण्याला विचारायचं, इस्त्रीवाल्याला विचारायचं. इस्त्रीवाल्याला सगळं ठाऊक — कपडे यायचे थांबले की घर रिकामं! मग ते जुनं झालं. फोनमध्ये गल्ली टाका, खोल्या किती ते टाका, यादी हजर. आता तेही जुनं झालं! आता शोधायचंच नाही. मांडी घालून बसायचं, अंगठा वर सरकवायचा, घरंच तुमच्या पाया पडत येतात! घर, घर, मध्येच नाचणारं कुत्रं, मध्येच पनीरची भाजी, पुन्हा घर! वर लिहिलेलं — 'खास तुमच्यासाठी'. खाली लिहिलेलं — 'तुमच्या मैत्रिणीनं ह्याला बदाम दिलाय'. मैत्रिणीनं बदाम दिला म्हटल्यावर आपण बघायचं नाही?

ह्या फोनच्या आत एक नारद बसलेला असतो. मी त्याच्याच गादीवर उभा आहे, म्हणून जपून बोलतो. तो तुमचं बोलणं ऐकत नाही, तुमचा नवस ऐकत नाही. तो एकच बघतो — तुमचा अंगठा कुठं थांबला!

तन्वीनं पहिल्यांदा इमानानं टाकलं — देवळाजवळ, तळमजला. पण सरकवता सरकवता आली एक गॅलरी. गॅलरीत झोपाळा. झोपाळ्यामागं मावळता सूर्य. तन्वी थांबली. किती? चहाचा घोट घशाखाली उतरायला लागतो तेवढी!

नारदानं हेरलं. म्हणाला, अस्सं! पोरीला झोपाळा हवाय!

मग काय विचारता! हॉलमध्ये झोपाळा, स्वयंपाकघरात झोपाळा, ढगात झोपाळा! एका घरात तर माणसंच दिसेनात, नुसते झोपाळे एकमेकांना झोके देत होते! आणि चार दिवस तेच बघून तन्वी आईला काय म्हणाली असेल?

"आई, घर कुठलंही असो. झोपाळा मात्र हवाच गं!"

बघा! देऊळ शोधायला निघाली होती!

त्याच गडबडीत एक व्हिडिओ आला. त्यात काय होतं? अर्धा अंगठा. मग छताचा पंखा. मग पुन्हा अंगठा. मागून बाईचा आवाज — "अरे, हे चालू झालंय का? लाल टिकली दिसतेय, पण मी कुठाय?" तन्वी हसली आणि सर्रकन सरकवला! नारद म्हणाला, बरं, असली घरं हिला नकोत. पुन्हा दाखवला नाही.

हा अंगठा ध्यानात ठेवा, मंडळी. मला विसरायची सवय आहे.

आता त्याच सुमारास देवळात सप्ताह होता, आणि कीर्तनाला कोण? तुमच्यासमोर उभा आहे तो! मंडळानं माझा फ्लेक्स केला. केवढा? अहो, माझी एक भुवई मारुतीच्या गदेएवढी! मंडळाची जाहिरात तन्वीकडं. देवळासमोर चंद्रात्रेकाकूंची माडी, तिच्या कठड्याला तिनं फ्लेक्स बांधायला घेतला. कठड्याला एक गंजकी पाटी लटकत होती. फोटोत ती मध्येच यायची. तन्वीनं फ्लेक्स ओढला वर, पाटी गेली झाकून. पाटी वाचली का? कशी वाचणार? ती फोनमधून बघत होती! तिला फक्त फोटो कसा येतोय ते दिसत होतं.

शू! पुढच्या रांगेतल्या बाई, ओळखलंत ना? मग पदर तोंडाला लावा. सांगू नका कुणाला!

आता तुम्ही म्हणाल, बुवा, समोरासमोरची घरं, एकाच मंडळातल्या बायका, पाटीवर काय आहे ते एकमेकींना बोलल्या नाहीत? नाही बोलल्या! कारण अबोला! यमुनाबाई चंद्रात्रे आणि शकुंतलाबाई, एकेकाळच्या जिवलग. एका रामनवमीला शकुंतलाबाईंनी प्रसादाचा शिरा केला. यमुनाबाई भरल्या देवळात म्हणाल्या, "शके, वेलदोडा विसरलीस!" शकुंतलाबाई म्हणाल्या, "देवानं तक्रार केली नाही, तू कोण?" झालं! तेव्हापासून 'शके' गेली आणि 'गायधनीबाई' आल्या. 'यमुने' गेली आणि 'चंद्रात्रेबाई' आल्या. एका सतरंजीवर बसायच्या, टाळ एका ठोक्याला पडायचा, नजर मात्र पडायची नाही — ना एकमेकींवर, ना एकमेकींच्या घरावर!

हसता काय? तुमच्याकडं वेलदोडा नसेल, दुसरं काहीतरी असेलच!

बरं, पळा पुढं. अक्षय्य तृतीया आली दाराशी. तन्वीला चैन नाही. जेवताना अंगठा चालू, बोलताना अंगठा चालू, देवापुढं हात जोडले तरी अंगठा आपला वरखाली! शेवटी एक घर पसंत पडलं. पाथर्डी फाट्याच्याही पलीकडं, 'व्हाइट लोटस ऑर्किड'. नावात दोन फुलं, आवारात झाड नाही. ते दाखवायला भूषण नावाचा तरुण, घरांचे व्हिडिओ करणारा.

आईला रिक्षात चढवून तन्वी गेली. बघते तर जिन्यापर्यंत रांग! पुढच्या बाईंना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"मला की नई, 'खास तुमच्यासाठी' म्हणून आलं."

मागचे काका दचकले. "अहो, मलापण!"

आणि घर! व्हिडिओत हॉल असा, की जेवायला निघालेला माणूस टेबलापर्यंत पोचेतो पुन्हा भूक लागावी. प्रत्यक्षात? शकुंतलाबाईंच्याच शब्दांत, मांजराला वळायचं असेल तर आधी बाहेर जावं लागेल! झोपाळा होता. त्याला झोका द्यायचा तर समोरच्या भिंतीची परवानगी!

शकुंतलाबाईंनी एकच विचारलं, "इथं देऊळ कुठंय?"

"काकू, क्लब हाउसमध्ये मेडिटेशन झोन आहे ना!"

"आणि खरं देऊळ? चालत जाण्याजोगं?"

"काकू, आता चालत कोण जातं? मोबाइलवर काकड आरतीपासून सगळं लाइव्ह! फक्त आज 'हो' म्हणा. मागं रांग बघताय ना?"

तन्वीनं रांग बघितली. आता नाही तर कधीच नाही! "आई?"

"घे," आई म्हणाली. "तुझा झोपाळा आहे."

घरी आल्यावर शकुंतलाबाईंनी टाळ काढले, पुसले, जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळले. म्हणाल्या, "जाताना मंडळात देऊन टाक. तिकडं वाजवून ऐकणार कोण? मांजर तर वळायलाच बाहेर गेलं!"

बोलल्या हसत हो. पण फडक्याची गाठ अशी आवळली, की पुन्हा सुटूच नये.

नाना, सूर सोडलात! धरा, धरा. इथंच धरायचा असतो.

टेम्पो आला. सामान चढलं. वर झाकायला काही नाही, आणि रस्त्यावर धुळीचे लोट. आता मला सांगा, सप्ताह संपल्यावर बुवाचा फ्लेक्स कशाकशावर जातो? कुणाच्या स्कूटरवर, कुणाच्या कूलरवर, नाहीतर गाद्यांवर! तन्वी स्टूल घेऊन धावली. एक गाठ सोडली, माझा डावा कान लोंबला. दुसरी सोडली, मी नाकावर आपटलो! तुम्हाला वाटतं हे मला कुणी सांगितलं? छे! कठड्यावर टांगलेला मीच होतो, सगळं डोळ्यांनी बघितलंय!

आणि माझ्या भुवईमागून निघाली पाटी —

तळमजला भाड्याने देणे आहे. चौकशी वर करावी.

तन्वी स्टुलावर पुतळा!

वर काकू आल्या. "काय गं, उतरवलंस का बुवांना?"

"काकू, ही पाटी कधीपासून आहे?"

"होळीपासून! भाचा म्हणाला, मावशी, आता पाट्या वाचतं कोण? व्हिडिओ टाक. तोही टाकला. मेलं कुत्रंसुद्धा आलं नाही विचारायला."

तन्वीनं कठडा धरला. "काकू… त्यात पंखा होता? आणि अंगठा?"

"तू बघितलास?"

तन्वीनं मान खाली घातली. "पण काकू, मी फ्लेक्स बांधताना बोलला का नाहीत?"

"देवाच्या कामाला आडवी येऊ? बुवांच्या तोंडावर सांगू, की तुमचं तोंड काढा म्हणून? आणि गायधनीबाईंच्या लेकीला मी आपणहून सांगायचं, माझी जागा रिकामी आहे म्हणून? वा गं वा!"

"काकू, आम्हाला द्याल?"

काकूंनी पदर खोचला. "पाटीवर काय लिहिलंय? चौकशी वर करावी. आणि जागेची चौकशी घरातल्या मोठ्या माणसानं करायची असते."

आणि ते मोठं माणूस खाली उंबऱ्यात उभं, फडक्यात गुंडाळलेले टाळ पोटाशी धरून! जिना चढणं शक्य नाही. तोंड उघडणं? ते तर जिन्याहून अवघड!

टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. "ओ ताई, निघायचं की उतरवायचं? काहीतरी एक सांगा ना!"

शकुंतलाबाई भिंतीला हात लावत निघाल्या. कठड्याखाली येऊन थांबल्या. वर बघितलं. फडकं सोडायला गेल्या तर गाठ सुटेना, दातांनी सोडवली! टाळावर टाळ टेकवला — किण्ण! टेम्पोवाल्याचा हात हॉर्नवरच राहिला.

"यमुने!"

वर काकूंनी पदर पुन्हा खोचला.

"यमुने, वेलदोडा विसरले होते गं मी."

"मोठ्यानं बोला! वर ऐकू येत नाही!"

"वे-ल-दो-डा! विसरले होते!"

सगळ्या गल्लीनं ऐकलं. गाभाऱ्यातल्या देवानंसुद्धा ऐकलं. त्यालाही शिरा का बेचव लागला होता, ते त्या दिवशी उमगलं!

आणि जिन्यावर धाड धाड पावलं! यमुनाबाई खाली. डोळे पुसत, नाक ओढत, पण तोरा तसाच!

"अगं शके, हळू ओरड. गाव गोळा करशील! किल्ली घे. मागची मोरी तुंबते, आधीच सांगून ठेवते."

तन्वी हळूच म्हणाली, "काकू… झोपाळा?"

"झोपाळा कशाला गं? समोर देवळाची पायरी आहे. बसून पाय हलव!"

मग तो टेम्पो असा गेला, की इंजिन चालूच झालं नाही! ड्रायव्हर उतरला, खांदा लावला आणि गाडी समोरच्या दारात! पाथर्डीचं घर? तन्वीनं भूषणला 'नको' म्हणून कळवलं, तोवर रांगेतल्या काकांनी झोपाळ्यावर बसकणही मारली होती. देव त्यांना भिंतीपासून वाचवो!

तर मंडळी, फोनला शिव्या देऊ नका. नारद खोटं बोलला नाही. त्यानं काकूंचं घर दाखवलं होतं! पण थांबलो आपण झोपाळ्यावर, आणि सरकवला कुणाला? तर ओळखीच्या आवाजाला! तुम्ही जिथं थांबाल तिथं तो तुम्हाला नेणार. त्याला पाय तुम्हीच देता.

अहो, ते निळ्या शर्टवाले! कीर्तन चालू असताना मांडीखाली अंगठा कशाला हलतोय? मला इथून सगळं दिसतं! थांबवा तो. आणि जरा शेजारी बघा. ज्याच्याशी वेलदोड्यावरून बोलत नाही, तो कदाचित त्याच सतरंजीवर बसलाय.

आणि हो, ह्या देवळाबाहेरही माझा फ्लेक्स लावलाय. येताना बघितला, भुवई इथंही तेवढीच! आरती झाली, प्रसाद घेतला, की घरी पळू नका. आधी त्याच्या गाठी सोडा. मी नाकावर आपटलो तर आपटू द्या. मागं काय झाकलंय, ते एकदा वाचा.

कुणाचं घर निघेल त्याच्यामागून, काय सांगावं!

नाना, आता सोडा सूर. घ्या देवाचं नाव — आणि अंगठा टाळीला लावा!