पहिल्या बाकाचा व्हॉल्व्ह

...नाही, त्याला हात लावू नका. भाजणार नाही, थंडच आहे तो व्हॉल्व्ह, पण लावू नका. कंपनीनं तुम्हाला बघायला पाठवलंय ना? मग डोळ्यांनी बघा. हा बॉयलर मी चौतीस वर्षं सांभाळलाय. त्याचं पोट बिघडलं की मला जिन्यावरच आवाजावरून कळतं— तुम्हाला ते यंत्र लावून बघावं लागतं. लावा. तुम्हालाही पोट आहे.

शाळा बघून आलात? आठही वर्ग उबदार, खरं की नाही? पोरं ओले मोजे रेडिएटरवर वाळत घालतात, बाई ओरडतात, तोवर मोजे वाळतात. छतावरचं गारव्याचं यंत्र मात्र गेलंय, ते मी कबूल करतो— उन्हाळ्यात सभागृहात गारवा कमी आणि पाणीच जास्त, खाली बादली ठेवलीय. ते खुशाल काढा. खोट्याला खरं म्हणणारा माणूस मी नाही. पण हा बॉयलर? ह्याचंच गरम पाणी शाळेत जातं, ह्याचंच चर्चमध्ये. मग शाळा गरम आणि चर्च गार, हे कसं, असंच विचारणार होतात ना? नळांत हवा धरली असेल. गाळ बसला असेल. चर्चचं छप्पर उंच, ऊब वर जाते, देवाला लागते— त्यालाही थंडी असेलच की.

बरं, सगळं चर्च गार नाही. तुम्ही मोजलंत, मान्य. पहिल्या बाकाजवळचे दोनच रेडिएटर गार आहेत. मग? त्या बाकावर बसतं कोण? शाळा-चर्चच्या समितीचे अध्यक्ष. एकटे. दोन स्वेटर, वर कोट, वर मफलर— प्रार्थनेला आलेत की डोंगर चढायला, कळत नाही. बाकी सगळे मागं बसतात, आरामात. सगळी यंत्रं नवी बसवायचं खूळ त्यांचंच. नऊ वर्षं त्यासाठी वर्गणी मागत दारोदार फिरले. सांगत काय, तर बॉयलर मेला. मेला असता तर मी इथं नुसत्या बनियनवर उभा राहिलो असतो?

अध्यक्ष माझे कोण लागतात? कुणी सांगितलं तुम्हाला? ...हं. नाक. नाक आमच्या बापाचं, दोघांनी वाटून घेतलं. भाऊ आहे. धाकटा, सख्खा. ह्याच शाळेत हेडमास्तर होता. आणि मी त्याच शाळेच्या तळघरात. एका घरातले दोघं, एक वर, एक खाली— खालच्यानं वरच्याला ऊब पुरवायची.

बोलत नाही आम्ही. एकवीस वर्षं झाली. भांडण? भांडण कसलं. वडील गेले तेव्हा फादरनी चर्चमध्ये बायबलातला उतारा वाचायला मला उभं केलं. थोरला म्हणून. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण दोन दिवस घोकला होता. एका ठिकाणी अडलो. अक्षरापायी नाही— समोर बापाची शवपेटी होती. तर हा उठला, माझ्या हातातून पुस्तक घेतलं, आणि राहिलेलं घडाघडा वाचून टाकलं. सगळ्यांदेखत. मास्तर ना तो! पोरगा अडला की मास्तर पुस्तक काढून घेणारच.

त्या हिवाळ्यात मी हा व्हॉल्व्ह बंद केला. त्या एका हिवाळ्यापुरता. म्हटलं, कुडकुडेल, अकरा पायऱ्या उतरून खाली येईल, म्हणेल, दादा, थंडी वाजते. बस, एवढंच. माफीबिफी नको होती मला. एकदा दादा म्हणाला असता, की उघडणार होतो. नाही आला. पुढच्या आठवड्यात मफलर आला. पुढच्या वर्षी दुसरा स्वेटर. अहो, मागच्या बाकावर सरकायचं होतं— तेही नाही. आणि आता ही नवी यंत्रं. अकरा पायऱ्या उतरायला नकोत म्हणून नऊ वर्षं गाव पालथं घालणारा माणूस पाहिलाय कुठं? एवढा ताठा चांगला नव्हे माणसाला.

मूठ? व्हॉल्व्हला मूठ नाही हे बरं दिसलं तुम्हाला. ही काय, किल्ल्यांच्या जुडग्यात. एकवीस वर्षं खिशात आहे. किती खिसे फाटले ते आमच्या बायकोला विचारा.

आता अहवालात काय लिहिणार? खरं लिहिलंत तर बॉयलर राहतो आणि मी तोंड दाखवायच्या लायकीचा राहत नाही. खोटं लिहिलंत तर मी राहतो, आणि ह्याला भंगारात ओढतात— धडधाकट असताना. बघा, कसा एका लयीत चाललाय. ...लिहा. बॉयलर म्हातारा झाला म्हणून लिहा. त्याला वाचता येत नाही, त्याला कळायचं नाही.

का थांबलात? माझ्याकडे बघून बोला की. माझ्या मागं काय आहे? जिना आहे. जिन्यावर काय—

कधीपासून उभाय तो?

मफलर काढून हातात घेतलाय. घेणारच. इथं गरम आहे.

काय म्हणाला? नाही, तुम्ही सांगू नका. बॉयलरच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. त्यालाच परत म्हणू द्या. इंजिनिअरसाहेब, तुम्ही वर जा आता. अहवाल राहू दे. आणि जाताना दार ओढून घ्या— ऊब जाते.